पाण्यातले बुटके टोमॅटो : धायरीच्या फ्लॅटमधल्या प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज, नारायणगाव

वहीचं पहिलं पान गावाकडेच लिहितेय. ओवाळणी झाली, जेवणं झाली, आणि पडवीत आप्पांच्या कानावर घातलं की फ्लॅटमध्ये टोमॅटो लावणार आहे. मातीशिवाय, नुसत्या पाण्यात. चाळीस वर्षं टोमॅटो काढलेला माणूस. पान चघळत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, तार-काठी कशाला बांधणार? पंख्याला?"

झाड वीतभरच होतं, त्याला काठी लागत नाही, असं सांगितलं. मायक्रो टॉम नावाचं वाण आहे, फ्लोरिडा विद्यापीठाने १९८९ मध्ये आणलेलं. मुळात कुंडीत शोभेला ठेवायचं म्हणून काढलं आणि आता जगभरच्या प्रयोगशाळांत टोमॅटोवरचं संशोधन त्याच्यावर चालतं. दुसरं रेड रॉबिन, थोडं मोठं. तेच आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात २०२२-२३ मध्ये वाढवलं होतं. आमच्या शेताच्या बांधावरून खोडदच्या दुर्बिणीच्या तबकड्या दिसतात. आप्पांनी तिकडे हात केला. "मग ह्यांना विचारायचं, वर भाव काय चाललाय."

खतं मात्र त्यांनीच बांधून दिली. मी ऑनलाइन तयार द्रावण मागवणार होते. त्यांनी कोठीतून पोती काढली: कॅल्शियम नायट्रेट, १३:०:४५, ०:५२:३४ (आकडे म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश किती टक्के), मॅग्नेशियम सल्फेट, सूक्ष्मअन्नद्रव्यांची चिलेटेड भुकटी. ठिबकमधून सोडायची तीच विद्राव्य खतं. १९:१९:१९ मागितलं तर नको म्हणाले. त्यातला बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो आणि युरिया मातीतल्या जिवाणूंनी फोडल्याशिवाय मुळांच्या फारसा कामाचा नाही. "तुझ्याकडं माती कुठंय?"

१० नोव्हेंबर, धायरी, पुणे

जागा: हॉलच्या कोपऱ्यातला जुना चपलांचा रॅक. चपला दाराबाहेर गेल्या.

टाकी: २० लिटरचा झाकणाचा प्लास्टिक डबा. काळा मिळाला नाही, पारदर्शक घेतला. आत उजेड गेला की शेवाळ धरणार, म्हणून बाहेरून काळ्या रंगाचे दोन हात आणि त्यावर पांढरा. खालच्या सुताराने झाकणाला चार भोकं पाडून दिली. नेट पॉट (जाळीच्या छोट्या कुंड्या), भाजलेल्या मातीचे गोळे, मत्स्यालयाचा ३ वॅटचा हवेचा पंप, नळी, एअर स्टोन (पाण्यात बुडबुडे सोडणारा दगड). प्रकाशाला दोन फुटी, १० वॅटच्या चार पांढऱ्या एलईडी पट्ट्या, घरातल्या ट्यूबसारख्याच. जांभळे दिवे घेतले नाहीत, हॉलमध्ये कोण बसणार त्या उजेडात? टायमर पहाटे ५ ते रात्री ९.

सोळा तासांपेक्षा जास्त उजेड देणार नाही. टोमॅटोला अंधार लागतोच, चोवीस तास दिवा ठेवला तर पानं पिवळी पडतात.

मोबाइलवरचं लक्स मोजायचं अॅप झाडाच्या उंचीला १२ ते १३ हजार दाखवतंय. पांढऱ्या एलईडीसाठी ढोबळ हिशेब असा की लक्सला ७० ने भागायचं, म्हणजे १७५-१८० मायक्रोमोल (झाडाच्या कामी येणाऱ्या उजेडाचं माप). शेतातल्या टोमॅटोला हा उजेड उपासमारीचा आहे. बुटक्यांचं भागेल असं धरून चालले आहे.

पीएच (पाण्याची आम्लता) आणि टीडीएसचे (विरघळलेले क्षार) मीटर, सोनाराचा छोटा काटा, सगळं धरून ३,४०० रुपये. नवऱ्याला आकडा सांगितला नाही.

बिया: मायक्रो टॉम, रेड रॉबिन आणि ऑरेंज हॅट. भिजवलेल्या कोकोपीटच्या वड्यांत प्रत्येकी चार, पाव इंच खोल. वर झाकण, डबा फ्रिजच्या माथ्यावर, तिथे ऊब असते.

१६ नोव्हेंबर

पाचव्या दिवशी मायक्रो टॉम, सहाव्या दिवशी बाकीची. बारापैकी दहा उगवली. ताबडतोब दिव्याखाली, पट्टीपासून चार बोटं. एक दिवस उशीर झाला तरी रोप उजेडाकडे ताणून लेचंपेचं होतं, हे आप्पांच्या रोपवाटिकेत पाहिलं आहे.

२० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. शाई लावून आले आणि खताचं पाणी करायला बसले.

आधी अक्कल गहाण ठेवली. सगळी खतं वेगवेगळी मोजण्याचा रोज रोज कंटाळा येणार, म्हणून एका लिटरच्या बाटलीत सगळ्यांचं दाट द्रावण एकत्रच केलं. दोन मिनिटांत बाटलीत ताक. खाली पांढरा गाळ. कॅल्शियम आणि सल्फेट, कॅल्शियम आणि फॉस्फेट दाट असताना भेटले की न विरघळणारा गाळ होतो, तो मग मुळांना मिळत नाही. आप्पांना फोटो पाठवला. फोन आला, हसू आवरत नव्हतं. "कॅल्शियम एकटं सोडायचं हे आपल्याकडचं शेंबडं पोर सांगेल."

बाटली बेसिनमध्ये. नव्याने दोन बाटल्या: एकीत फक्त कॅल्शियम नायट्रेट, दुसरीत बाकी सगळं. टाकीतल्या भरपूर पाण्यात आधी एक घालून ढवळायची, मग दुसरी. पातळ झाल्यावर ती दोघं भांडत नाहीत.

दहा लिटर पाण्याला पूर्ण मात्रा:
कॅल्शियम नायट्रेट ८ ग्रॅम
१३:०:४५ ३.५ ग्रॅम
०:५२:३४ २ ग्रॅम
मॅग्नेशियम सल्फेट ४ ग्रॅम
सूक्ष्मअन्नद्रव्यं अर्धा ग्रॅम

ह्यात नत्र लिटरला सुमारे १७० मिलिग्रॅम, कॅल्शियम १५०, पालाश १८७, मॅग्नेशियम ३९ बसतं. (पालाश शुद्ध पोटॅशियमच्या हिशेबात आहे. पोत्यावरचा आकडा ऑक्साइडचा असतो, त्याला ०.८३ ने गुणलं. स्फुरदाचंही तसंच, तिथे ०.४४. हे न कळल्याने पहिला हिशेब दुप्पट चुकला होता.)

नळाच्या पाण्याचं टीडीएस ११०. गोडं पाणी, नशीब.

३० नोव्हेंबर

चार रोपं टाकीवर: दोन मायक्रो टॉम, एक रेड रॉबिन, एक ऑरेंज हॅट. उरलेली सहा सोसायटीत वाटली. टाकीत १६ लिटर, अर्धी मात्रा, ईसी (पाण्याची विद्युतवाहकता, त्यावरून विरघळलेल्या खताचा अंदाज येतो) १.१, पीएच ६.१.

पाण्याची पातळी नेट पॉटच्या तळाला जेमतेम टेकेल एवढी. मुळं खाली उतरली की पातळी तीन-चार सेंटीमीटर खाली न्यायची, म्हणजे वरच्या मुळांना दमट हवा आणि खालच्यांना पाणी.

८ डिसेंबर

पहाटे उठले तर हॉलमध्ये पाणी. रात्री दीड-दोन तास वीज गेली होती. पंप खाली फरशीवर, टाकी वर रॅकवर. पंप थांबला तसं टाकीतलं पाणी हवेच्या नळीतून उलटं खाली उतरलं आणि पंपातून बाहेर. चार लिटर तरी गेलं. पंप गेला, रॅकची खालची फळी फुगली.

नवा पंप आता टाकीपेक्षा उंच, खिडकीच्या कठड्यावर. शिवाय नळीत पंधरा रुपयांचा एकदिशा व्हॉल्व्ह. दोन्हीपैकी एक पुरेसं होतं. दोन्ही केले.

१० डिसेंबर

सोसायटीची मोटर जळाली, टँकर चालू. टाकीतलं पाणी बदलायचा दिवस आजच होता, बदललं. पीएच बघायचं राहिलं. ईसी १.८ करून ठेवला, झाडं आता मोठी आहेत.

१४ डिसेंबर

आप्पांचा व्हिडिओ कॉल. झाडं बघून पहिलं वाक्य, "बगलफुटी किती वाढल्यात! काढून टाक." शेतात खालच्या बगलफुटी, म्हणजे पानाच्या बेचक्यातून निघणारे फुटवे, काढल्या नाहीत तर झाड नुसतं पसरतं, हवा खेळत नाही, करपा येतो. हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि शनिवारी-रविवारी बोटं हिरवी-काळी होईपर्यंत केलंही आहे. एका मायक्रो टॉमच्या सगळ्या बगलफुटी काढल्या. दुसऱ्याला हात लावणार तेवढ्यात कुकर झाला.

हात साबणाने धुऊनच झाडाला लावायचे, हेही त्यांनी पुन्हा बजावलं. तंबाखूच्या हाताने टोमॅटोला मोझॅक विषाणू लागतो. सांगताना तळहातावर चुना-तंबाखू मळणं चालू होतं.

१८ डिसेंबर

नवी पानं पिवळी. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, आणि फक्त शेंड्याकडे. जुनी खालची पानं छान गडद. चारही झाडांवर, रेड रॉबिनवर सगळ्यात जास्त.

फोटो पाठवला. मिनिटात उत्तर: "फेरस." झाडाच्या आत लोह जुन्या पानातून नव्या पानाकडे सरकत नाही, म्हणून कमतरता आधी शेंड्यावर दिसते. मॅग्नेशियम असतं तर खालची पानं आधी पिवळी झाली असती. पण लोह तर मी घातलं होतं.

पीएच मोजला. ७.६.

टँकरच्या पाण्याची बादली अजून बाथरूममध्ये होती, तिचं टीडीएस बघितलं: ६४०. म्हणजे नुसत्या पाण्याचाच ईसी सुमारे १.३. मी खत घालत ईसी १.८ पर्यंत नेला आणि खूश झाले. त्यातलं झाडाच्या कामाचं जेमतेम ०.५. बाकी बोअरचे क्षार. मीटरला कळतं ते एवढंच की पाण्यात काहीतरी विरघळलं आहे. ते खत की दगड, हे त्याला कुठलं कळायला. शिवाय अशा पाण्यातली बायकार्बोनेटं पीएच वर ओढत राहतात, आणि ईडीटीएने (चिलेटेड भुकटीत लोहाला विरघळलेलं ठेवणारं रसायन) धरलेलं लोह पीएच साडेसहाच्या वर गेला की सुटायला लागतं. लोह टाकीतच आहे, मुळांच्या तोंडाला लागत नाही.

१९ आणि २१ डिसेंबर

घरात लिंबूसत्त्व होतं. पाव चमचा घातलं, पीएच ५.९. काय सोपं असतं सगळं, असं वाटलं.

एकवीस तारखेला पुन्हा ७.३. लिंबूसत्त्व पाण्यातले जिवाणू खाऊन टाकतात, बायकार्बोनेट तसंच राहतं.

२२ डिसेंबर

मोटर दुरुस्त, नळाला पुन्हा गोडं पाणी. टाकी पूर्ण रिकामी केली, धुतली, नव्याने भरली. ईसी १.७, आणि ह्या वेळी तो खताचा.

पीएच उतरवायला फॉस्फरिक अॅसिड. ठिबकच्या नळ्यांत क्षार बसले की आप्पा तेच सोडतात. त्यांनी घरीच पातळ करून पाव लिटर भावाबरोबर पाठवलं, बाटलीवर मार्करने कवटी काढून. हातमोजे घालायचे, अॅसिड पाण्यात सोडायचं, पाणी अॅसिडमध्ये कधीच नाही, आणि बाटली नातीच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी. सोळा लिटरला ड्रॉपरने मोजून अकरा थेंब लागले. पीएच ६.०.

२५ डिसेंबर

पहिलं फूल. पंचेचाळिसावा दिवस, मायक्रो टॉम, अजून बगलफुटी असलेलं. झाड अकरा सेंटीमीटर आणि त्यावर नखाएवढं पिवळं फूल.

नवी पानं हिरवी निघताहेत. पिवळी झाली ती तशीच राहणार.

टोमॅटोचं फूल द्विलिंगी, बाहेर वाऱ्याने हलून परागकण पडतात किंवा मोठी माशी फुलाला लटकून घुंघुं करते आणि पराग झडतो. मधमाशीला ती घुंघुं जमत नाही. माझ्या हॉलमध्ये ना वारा ना माशी. लेकीचा बॅटरीचा टूथब्रश घेतला. रोज सकाळी दहा-साडेदहाला, फुलामागच्या देठाला दोन सेकंद. लेकीने हे काम स्वतःकडे घेतलंय. "आई, मी भुंगा आहे" असं म्हणत ब्रश फिरवते. सुट्टी संपली की सकाळी सातलाच करावं लागेल.

२ जानेवारी २०२५

मोजणी. बगलफुटी काढलेल्या मायक्रो टॉमला ९ फुलं. हात न लावलेल्याला ३१.

मायक्रो टॉमचं झाड ठरावीक पानं आली की शेंड्याला फुलोरा काढून थांबतं, उंची तिथेच संपते. पुढची सगळी फुलं बगलफुटींवरच येणार असतात. मी त्या खुडून टाकल्या, म्हणजे पीकच खुडलं. आप्पांना सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग, "म्हणजे त्याची बगलफूट हेच झाड." पुन्हा फोटो मागवून घेतला.

बुटकेपणाचं कारणही त्यांना सांगितलं: वाढीचं एक संप्रेरक, ब्रॅसिनोस्टेरॉइड, ह्या झाडात जनुकातल्या बिघाडामुळे पुरेसं तयारच होत नाही. म्हणून पेरं आखूड, आणि पानं जाड, गडद, सुरकुतलेली. "म्हणजे आजारीच की."

५ जानेवारी

ऑरेंज हॅटने आज दिव्याला डोकं टेकवलं. उंची ४१ सेंटीमीटर. पाकिटावर लिहिलेली कमाल उंची दोन आठवड्यांपूर्वीच ओलांडली होती, पण मी "जोमात आहे" म्हणत दिवे वर सरकवत बसले. त्या नादात बाकीच्या तिघांवरचा उजेड ८ हजार लक्सवर आला.

आप्पांनी फोटोत एकच बघितलं. "पेरं मोज. आणि पान बघ. बाकीच्यांची पानं चुरगळलेली, ह्याचं सरळ. हे बुटकं नाही, हे आपल्यातलं." विकणाऱ्याच्या पाकिटात भलतंच बी आलेलं. रोप तीन पानांचं असतानाच हे दिसायला हवं होतं, तेव्हाचा फोटो काढून बघितला तर दिसतंच आहे.

उपटून काढता येईना. झाकण उचललं तर चारही झाडांची मुळं एकमेकांत विणलेली, पांढरी शुभ्र जाजमासारखी, टाकीच्या तळापर्यंत. ओढलं असतं तर सगळ्यांची तुटली असती. बुंध्यात कापलं. कापण्याआधी दोन जाड बगलफुटी काढून पाण्याच्या ग्लासात ठेवल्या. खोटं निघालं म्हणून फेकवेना.

दिवे परत खाली. १२ हजार.

१४ जानेवारी, संक्रांत

ग्लासातल्या फुटव्यांना आठव्या दिवसापर्यंत बोटभर मुळं. गावाला जाताना ओल्या कापडात गुंडाळून नेले. एक बसमध्येच मोडला. दुसरा आप्पांनी तिळगूळ खाऊन झाल्याझाल्या विहिरीच्या कडेला लावला, कांद्याच्या वाफ्याशेजारी. टोमॅटोची लागवड फेब्रुवारी-मार्चमध्ये, तोवर तिथे दुसरं टोमॅटोचं झाड नाही. "पाण्यात वाढलेलं आहे, माती बघून लाजेल," आई म्हणाली.

२६ जानेवारी

सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसच्या (गिलेन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्णांच्या बातम्या सुरू झाल्यापासून घरात पाणी उकळूनच पितो. दोन मोठी पातेली सकाळ-संध्याकाळ. लेकीच्या वर्गातल्या आयांचा ग्रुप रात्रंदिवस पाण्यावरच बोलतोय. झाडांच्या पाण्याबद्दल लिहायला आज थोडं विचित्र वाटतंय, तरी नोंद करते.

नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास नेहमीपेक्षा जास्त. झाडांसाठी बादली भरून त्यात एअर स्टोन सोडून एक दिवस ठेवते, क्लोरीन उडून जातो. मग टाकीत.

पातेल्यांच्या तळाशी जवळजवळ काहीच साचत नाही. टँकरच्या दिवसांत ह्याच पातेल्याला पांढरा थर धरला होता, उकळल्यावर बायकार्बोनेटं चुन्यासारखी खाली बसतात. तेव्हा हे डोळ्यांसमोर असूनही झाडांशी जोडलं नाही. पातेल्याचा तळ पाहिला असता तर मीटरही लागला नसता.

फळं: मायक्रो टॉम (अखंड) २२, मायक्रो टॉम (खुडलेला) ८, रेड रॉबिन २६. रात्री घरात १९-२० अंश, फळधारणेला अगदी हवं तसं. आप्पांच्या पद्धतीने फुलं धरली तशी ०:५२:३४ थोडं कमी करून १३:०:४५ वाढवलं, दहा लिटरला ५ ग्रॅम. कॅल्शियम कमी केलं नाही, फळाचं बूड काळं पडण्याचा धोका नको.

पाणी भरण्याची रीत आता अशी बसली आहे: पातळी खाली गेली आणि ईसी वर गेला, तर झाड खतापेक्षा पाणी जास्त पितंय, नुसतं पाणी घालायचं. दोन्ही खाली, तर भूक आहे, खत घालायचं. ईसी तिथेच, तर जे आहे तेच घालत राहायचं. दिवसाला पाऊण लिटर जातंय.

९ फेब्रुवारी

पहिला लाल. पेरणीपासून ९१ दिवस. मायक्रो टॉम, ४ ग्रॅम. चौघांत कापला. म्हणजे मी, नवरा, लेक आणि शेजारच्या काकू, ज्या नेमक्या त्याच वेळी विरजण मागायला आल्या.

चव: आंबट-गोड सोडा, पाणचट. साल जाड. मायक्रो टॉम चवीसाठी प्रसिद्ध नाही हे आधीच वाचलं होतं, पण आपल्या टाकीतला वेगळा निघेल असं वाटतंच ना.

१४ फेब्रुवारी

रेड रॉबिनचे पहिले पाच. हे बरे आहेत. खरंच बरे. लेकीने मीठ न लावता खाल्ले.

पुढच्या फळांची चव वाढावी म्हणून ईसी २.३ वर नेला. मुळांभोवती क्षार जास्त झाले की झाड पाणी कमी ओढतं, फळ थोडं लहान राहतं आणि गोडी एकवटते.

२० फेब्रुवारी

चार दिवस चुलत बहिणीच्या लग्नाला गावी. परत आले तर टाकीतलं पाणी तळाला गेलेलं, पानं मलूल. घाईघाईने नुसत्या पाण्याने काठोकाठ भरली. तासाभरात झाडं ताठ. समाधानाने झोपले.

सकाळी रेड रॉबिनची सात फळं तडकलेली. देठाभोवती गोल चिरा.

ह्यावर आप्पांना फोन करायची गरज नव्हती. कुकडीच्या कालव्याचं आवर्तन लांबलं आणि मग एकदम पाणी सोडलं की काय होतं, हे आमच्या रानात दर दोन वर्षांनी बघितलं आहे. ताणावर असलेल्या फळाची साल घट्ट झालेली असते, आत एकदम पाणी भरलं की ती फाटते. तरीही फोन केला. "ताण देऊन मग एकदम भरलंस ना? थोडं थोडं सोडायचं." तेवढंच बोलून त्यांनी मल्चिंग पेपरच्या भावाचं सुरू केलं. त्यांची लागवड पुढच्या आठवड्यात, साडेसहा हजार रोपं.

तडकलेल्यांची कोशिंबीर.

२ मार्च

हिशेब.

मायक्रो टॉम, अखंड: १४० ग्रॅम
मायक्रो टॉम, खुडलेला: ५५ ग्रॅम
रेड रॉबिन: ३१५ ग्रॅम
एकूण ५१० ग्रॅम

वीज सुमारे ७५ युनिट. खतं चहाच्या खर्चात. पाणी शंभर लिटरच्या आत, टाकी बदलताना ओतलेलं धरून.

आप्पांनी क्रेटचा हिशेब मागितला. नारायणगावच्या बाजारात क्रेट वीस किलोचा. अशा ३९ हंगामांत एक क्रेट. वर्षाला तीन हंगाम धरले तर तेरा वर्षं. "तेरा वर्षांनी भाव काय असेल कोण सांगणार," ते म्हणाले, "२०२३ च्या जुलैत किलोला शंभरीच्या पुढं गेलेलाच की. ठेव धरून."

१६ मार्च

धुळवड झाली आणि उन्हाळा हॉलमध्ये आला. बाहेर ३७, टाकीतलं पाणी दुपारी २९ अंश. रेड रॉबिनची नवी फुलं देठाच्या गाठीवरून गळताहेत, ब्रश लावण्याआधीच. रात्रही पंचविसाच्या खाली येत नाही, पराग धरणार कसा?

मुळं तपकिरी आणि बुळबुळीत, हलका कुबट वास. वीस अंशाच्या पाण्यात लिटरला नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तिसाला साडेसात, आणि मुळांना तर तेव्हाच जास्त लागतो. त्या फटीत कुज शिरते. बर्फाची बाटली टाकीत सोडून बघितली. दोन तास २५, मग पुन्हा २८. दिवसातून चार वेळा बाटल्या बदलणं ऑफिस सांभाळून शक्य नाही.

थांबवलं. शेवटची १९ फळं काढली, झाडं कापली. मुळांचं जाजम पिळून वजन केलं, फळांपेक्षा जास्त भरलं. टाकी, नळ्या, दगड ब्लीचने धुऊन वाळवायला गच्चीत. रेड रॉबिनच्या चार पिकल्या फळांचं बी वाटीत रसासकट दोन दिवस आंबवून, धुऊन, कागदावर वाळत घातलं आहे.

चपलांचा रॅक परत मागितला गेला आहे. दिला नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारून होते तोच आप्पांचा फोटो आला. विहिरीकडचा तो फुटवा. कमरेच्या वर गेलाय, दोन बांबू आणि सुतळीने बांधलाय, बगलफुटी व्यवस्थित काढलेल्या. घडाला बारा-तेरा बारीक फळं, द्राक्षासारखी लोंबणारी.

खाली विचारलंय, "ह्याचं बी कुठलं म्हणालीस?"

फोटो मोठा करून बघितला. खालच्या घडातली तीन पिकली आहेत. केशरी.